दहा-अकराचा पाना

आमच्या घरात नट आवळायच्या पान्याला पाय लागला, तर वाकून त्याला हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा, असा रिवाज होता. बहुतेक घरांत पुस्तकाला पाय लागल्यावर असं करतात. आमच्याकडं पुस्तकांपेक्षा पाने जास्त होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, मंद्रूपची शेती भावाच्या हवाली करून सोलापुरात पाण्याच्या पंपावर फिटर म्हणून लागले, तेव्हा गावाकडून त्यांनी एक पितळी कळशी, एक घोंगडं आणि खंडेनवमी आणली. गावाकडं त्या दिवशी नांगर, कोयता, कुऱ्हाड पुजायचे. शहरात हाताखाली नांगर राहिला नाही, म्हणून पाटावर पाने आले. दोन तोंडांना दोन मापं असलेल्या पान्यांचा, सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंतचा सगळा संच रॉकेलनं धुवायचा, पुसायचा, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडायचा, हळदी-कुंकवाची बोटं ओढायची आणि प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल. एकदा मांडलं की दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून घरी येईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. "वरीसभर राबत्यात," आप्पा म्हणायचे, "दोन दिस त्यांनाबी निजू द्या की." हे वाक्य मला तेव्हा फार आवडायचं. आजही आवडतं, आणि तिथंच माझी पंचाईत आहे. ज्या गोष्टीनं माझ्या उमेदीची माती केली, तिचा मला धड तिरस्कारही करता येत नाही.

आम्ही पूर्व भागात राहायचो. भिंतीला भिंत लावून यंत्रमाग होते आणि दिवसभर त्यांची खटाखट आमच्या घरातून वाहायची. आई भाकरी थापायची ती त्या तालात थापते असं आम्ही चिडवायचो. पाहुणे आले की पहिला अर्धा तास ओरडून बोलायचे, मग तेही सरावायचे. या घराच्या मागच्या अंगणात, मोरी आणि शेवग्याचं झाड यांच्या मधल्या जागेत, माझा थोरला भाऊ आणि मी मिळून एक मोटरसायकल बांधली होती. ती तशी साधी शंभर सीसीची टू-स्ट्रोक, कुणाची तरी वापरून फेकलेली. तिचं आम्ही जे केलं ते मात्र त्या गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं.

रद्दीच्या दुकानात दादाला एक परदेशी मासिक सापडलं होतं. त्यातलं एक चित्र त्यानं फाडून आणलं. म्हशीएवढ्या दगडाच्या माथ्यावर एक माणूस गाडीवर उभा, गाडीला सीटच नाही. "हा कुठं चाललाय सांग," दादा म्हणाला. मी म्हणालो, "खाली पडायला." तो म्हणाला, "येड्या, तो कुठंच चालला न्हाय. तो तितं उभा हाय." दादाला त्या उभं राहण्याचं वेड लागलं. या खेळाला ट्रायल म्हणतात हे आम्हाला पुढं कळलं. यात वेगाला काही किंमत नसते. दगड, चढ, नाला, ओंडका यांवरून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. पाय टेकला की गुण गेला. घरात पाय लागला की नमस्कार आणि अंगणात पाय लागला की दंड, असे आम्ही दोन्हीकडून पाय सांभाळत मोठे होत होतो.

दादा चालवायचा, मी गाडी सांभाळायचो. आमची वाटणी कधी बोलून झाली नाही, पण पक्की होती. सीट काढून तिथं पत्रा ठोकला. पाय ठेवायच्या दांड्या मागं आणि खाली घेतल्या. मागचं दातेरी चाक लेथवाल्याकडून मोठं करून आणलं, म्हणजे गाडी मुंगीसारखी चालावी, पण चढाला दम सोडू नये. इंजिन हळू फिरताना बंद पडू नये म्हणून मॅग्नेटोच्या फिरत्या चाकावर जड लोखंडी कडं चढवलं. टायरमधली हवा मी अंगठ्यानं दाबून बघायचो. पिकल्या पेरूइतकं दबलं पाहिजे, त्याहून मऊ नको. कार्बोरेटर उघडायचा तो आईच्या जुन्या परातीत, आणि त्यातल्या बारीक भोकांना तार घालायची नाही, शिंदीच्या झाडूची काडी घालायची, कारण तारेनं भोक मोठं झालं तर गाडी कायमची पेट्रोल प्यायला लागते. त्या परातीवरून आईचं आणि माझं रोज वाजायचं. "भाकरीला राकेलचा वास येतोय," ती म्हणायची. दादा म्हणायचा, "शेंगाची चटणी जास्त लाव, जातोय वास."

पण इंजिनचा आवाज लावायचा तर माग बंद असावे लागत. गाडी इतकी हळू चालली पाहिजे की ठोका न् ठोका वेगळा ऐकू यावा, भुक्, भुक्, भुक्, आणि मूठ जरा पिळली की न खोकता तिनं उचल घ्यावी. मागांच्या खटाखटीत ते कळायचं नाही. म्हणून मागांना सुट्टी असायची त्या दिवशी मी सकाळपासून कार्बोरेटरचा बारीक स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत बसायचो. शेजारचे मल्लय्याकाका, मागांचे मालक, सुट्टीच्या दिवशी आवाज नाही म्हणून बेचैन होऊन भिंतीवरून डोकवायचे आणि म्हणायचे, "काय रे रम्या, गाडी चालू हाय का आजारी हाय?" दादा तेव्हा जागच्या जागी, दोन्ही पाय दांड्यांवर, चाकं न हलवता गाडीवर उभा असायचा. आई धुणं वाळत घालता घालता त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा द्यायची आणि तो पाय न टेकता चावायचा. तो घास गिळेपर्यंत मी श्वास धरून ठेवायचो. माझ्या आयुष्यात यापेक्षा सुखाचं काही घडलं असेल तर मला आठवत नाही.

आणखी एक सवय सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आत्याची मुलगी आमच्याकडं राहून गेली तेव्हा नेलपॉलिशची लाल बाटली विसरली होती. ती मी घेतली. कुठलाही नट आवळून झाला की नट आणि त्याच्या खालचा भाग यांवरून मिळून एक बारीक लाल रेघ ओढायची. नट हलला तर रेघ तुटते, बघितल्याबरोबर कळतं. ही पद्धत मी लेथवाल्याकडं पाहिली होती. आमच्या गाडीवर अशा इतक्या रेघा होत्या की आई म्हणायची, गाडी ओवाळून आणलीय.

त्या वर्षी शहरातल्या एका मंडळानं दसऱ्याला स्पर्धा ठेवली. विजापूर रस्त्याला, गावाबाहेर, बंद पडलेली दगडाची खाण होती, तिथं. पुण्याच्या एका संघाचा माणूस बघायला येणार होता, आणि त्यानं दादाचं नाव कुणाकडून तरी ऐकलं होतं. दादाचं शिक्षणात मन नव्हतं, शेतीत वाटा नव्हता; जे काही होतं ते या गाडीवर उभं राहण्यात होतं. घरात कुणी तसं बोलून दाखवलं नाही, पण आईनं त्या आठवड्यात परातीवरून एकदाही भांडण काढलं नाही.

खंडेनवमीला आप्पांनी नेहमीसारखं पहाटे उठून पाने मांडले. आम्ही गाडी धुऊन अंगणात एक शेवटचा फेरा मारायला काढली, तर पुढच्या ब्रेकची लिव्हर थेट मुठीला येऊन टेकली. आदल्या आठवड्यात दादानं खाणीच्या उतारांवर इतका सराव केला होता की ब्रेकचे लायनर झिजले होते. हातानं फिरवायचा स्क्रू शेवटपर्यंत गेलेला. चाकाच्या ड्रमवर एक छोटा दांडा असतो, तो सोडवून एक दाता मागं बसवायचा आणि नट आवळायचा, एवढंच काम. त्याला दहाचा पाना लागतो. आणि दहा-अकराचा पाना पाटावर, झेंडूखाली.

मी मल्लय्याकाकांकडं गेलो. त्यांचेही पाने मागांसमोर मांडलेले, वर लिंबू कापलेलं. "आज न्हाय रे पोरा," ते म्हणाले, "आज आयुध पूजा." कोपऱ्यावरच्या गॅरेजचं शटर अर्धं ओढलेलं, आत उदबत्तीचा धूर. लेथवाल्यानं तर लेथलाच हार घातला होता. गल्लीतले सगळे पाने त्या दिवशी झोपलेले होते. शेवटी दादानं आप्पांना विचारलं.

"एकच नट हाय, आप्पा."

"एक असू दे न्हायतर शंभर असू दे."

"उद्या खेळ हाय."

"खेळच हाय की. पंप बंद पडला न्हाय, कुनाचं पानी तुटलं न्हाय." मग जरा थांबून आप्पा म्हणाले, "हळूच चालवायची गाडी हाय न्हवं तुझी? मग ब्रेक कशाला लागतोय?"

दुपारी पुरणपोळी झाली, कटाची आमटी झाली, आप्पा ओसरीवर आडवे झाले. दादा मोरीपाशी हात धूत होता. त्यानं मान न वळवता मला सांगितलं, "दहा-अकरा तेवढा काढ. बाकी कशाला हात लावू नको." मी काढला. त्याच्यावरचं फूल शेजारच्या पान्यावर सरकवलं. पाटावरच्या कापडावर हळदीत त्याचा आकार उमटला होता, दोन्हीकडं तोंड उघडलेला. तो मला अजून दिसतो. मी नट सोडवला, दांडा एक दाता मागं घेतला, नट आवळला, पुन्हा आवळला, आणि लाल रेघ ओढली. पाना परत ठेवायला गेलो, तोवर आई पाटासमोर निरांजनात तेल घालत बसलेली. मी तो पँटच्या खिशात ठेवून दिला.

स्पर्धेची पहिली फेरी दादानं पाय न टेकता पूर्ण केली. पुण्याचा माणूस त्याच्यामागं दगडादगडावरून चालत होता, हे मी स्वतः पाहिलं. पण लोकांना मजा येईना. त्यांना वाटलं होतं गाड्या उडतील, धूळ उठेल. इथं एक माणूस दगडावर उभा राहतो आणि सगळे गप्प बसतात. "बैलगाडी बरी की यापेक्षा," असं माझ्या मागं कुणीतरी म्हणालं. मंडळाचे अध्यक्ष गॉगल लावून मंडपात बसले होते. त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, आता जरा थरार वाढवू या. आणि धूळ बसवायला आणलेला पाण्याचा टँकर त्यांनी खाणीच्या शेवटच्या उतारावर रिता करायला लावला. चालवणाऱ्या एकाही पोराला विचारलं नाही. तो उतार गुळगुळीत काळ्या दगडाचा होता. त्याच्यावर पाणी पडल्यावर तो आरशासारखा चमकला, आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या.

दुसऱ्या फेरीत सगळ्यांत पहिला दादाच उतरला. मी उताराच्या पलीकडच्या बाजूला, गर्दीत अडकलेलो. मला त्याचं डोकं दिसत होतं, चाकं दिसत नव्हती. डोकं सावकाश खाली येत होतं, मग अचानक ते सावकाश राहिलं नाही. मी पोचलो तेव्हा गाडी त्याच्या उजव्या पायावर होती आणि पाय दांडी आणि दगड यांच्या मध्ये होता. दवाखान्यात नेताना जीपमध्ये तो एकच वाक्य बोलला. "गाडी थांबलीच न्हाय, रम्या."

ते वाक्य घेऊन मी म्हातारा होत आलो. गाडी थांबली नाही, म्हणजे ब्रेक लागला नाही. म्हणजे दांडा सटकला. म्हणजे नट मी नीट आवळला नव्हता. बाकीच्यांना हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. दवाखान्यात माझ्या खिशातून पाना फरशीवर पडला. त्याच्या दांड्याला हळद लागलेली होती. आत्या बाकावर बसली होती. तिनं पान्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हत्यार उचललंस व्हय रं तू? पाटावरनं?" मी मान खाली घातली. ती आईकडं वळून म्हणाली, "मग काय व्हनार दुसरं." आईनं पदर तोंडाला लावला. पाना उचलून आप्पांनी खिशात टाकला आणि घरी आल्यावर तो संचात ठेवला नाही, मोरीच्या खिडकीत ठेवला.

दादा आत कण्हत होता. पाना त्यानं मागितला होता, हे मी तेव्हा सांगायला हवं होतं का? मला ते शक्यच नव्हतं. पाय मोडलेल्या भावावर कोण बोट ठेवील. मी ठरवलं की हे त्याचं त्यानं सांगायचं. मी वाट बघितली.

आणि मंडळाचे अध्यक्ष, त्यांचं काय झालं? ते तिसऱ्या दिवशी चार कार्यकर्ते आणि एक फोटोग्राफर घेऊन दवाखान्यात आले. त्यांनी खाटेवरच दादाच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि 'धाडसी स्पर्धक' असं कोरलेलं सन्मानचिन्ह त्याच्या प्लॅस्टरला टेकवून ठेवलं. आप्पांनी त्यांना हात जोडले. आईनं चहा मागवला. हे मी विसरू शकत नाही. ज्यानं माझ्या भावाच्या वाटेवर पाणी ओतलं, त्याला आम्ही चहा पाजला, आणि ज्यानं नट आवळला त्याच्याशी आई दिवाळीपर्यंत धड बोलली नाही. टँकरबद्दल त्या घरात कुणी, कधीही, एक प्रश्न विचारला नाही. विचारायचं कारणच उरलं नव्हतं. उत्तर मोरीच्या खिडकीत ठेवलेलं होतं. देवाचा कोप म्हटलं की माणसं किती सहज सुटतात, हे मला त्या वयात कळलं. पुढं पेपरात मी कितीतरी पडलेले पूल आणि पेटलेले मंडप वाचले. दर वेळी मला तो पाना आठवतो आणि वाटतं, याही घरात कुणातरी पोराच्या खिशात काहीतरी सापडलं असेल.

गाडी चुलत्यांनी बैलगाडीत घालून मंद्रूपला नेली आणि गोठ्यात कडब्याच्या मागं टाकली. मी तिच्याजवळ कधी गेलो नाही. तो नट बघायची मला हिंमत नव्हती. मी पुढं बँकेत लागलो, पुण्याला घर केलं. हातात पाना धरला नाही. दादाचा घोटा वाकायचा तो कायमचा थांबला. होटगी रस्त्याला त्याचं पेंडीचं दुकान आहे. माझ्या लग्नात त्याला मांडी घालता येईना, म्हणून पंगतीत त्याच्यासाठी खुर्ची मांडली. आणि दरवर्षी खंडेनवमीला मी सोलापूरला जातो, आणि दरवर्षी आप्पा पाने मांडतात. आठ-नऊनंतर दोन बोटं मोकळी जागा सोडतात आणि मग बारा-तेरा ठेवतात. ती जागा मुद्दाम सोडलेली असते. तसं कुणी काही म्हणत नाही. आई खिडकीतला पाना कुकरची मूठ आवळायला वापरते. कुकरला तो चालतो.

यंदा चुलत भावाचा फोन आला की गोठा पाडून तिथं खोल्या बांधायच्या आहेत, ते भंगार घेऊन जा. नवरात्र चालू होतं. मी आणि दादा त्याच्या स्कूटरवरून गेलो, चालवायला मी. कडबा बाजूला केला, तर गाडी भिंतीला टेकून उभी होती, चिमण्यांनी घाण केलेली, टायर उंदरांनी खाल्लेले. मी खाली बसलो. पुढच्या ड्रमवर ग्रीस आणि भुशाचा थर बसला होता. रुमालानं पुसला. दांडा होता तिथंच, मी बसवलेल्या दात्यावर. आणि नटावरून दांड्यावर गेलेली लाल रेघ, जरा तपकिरी पडलेली, पण सरळ, सलग. कुठंही तुटलेली नाही.

दादा मागून म्हणाला, "काय बघतोस? रेघ व्हय? हाय की तशीच."

मी म्हणालो, "तू बघितलीयस?"

"प्लॅस्टर निघाल्यावर आलतो हितं, तवाच."

"आणि गाडी थांबली नाही म्हणालास ते?"

"चाक जाम होतं की. ब्रेक झकास लागला होता. जाम चाकासकट घसरत गेलो. पाणी न्हवतं का ओतलं त्या भाड्यानं?"

"दादा, हे तू मला सांगितलं नाहीस."

तो खरोखर गोंधळला. त्याला हसू येत होतं आणि माझं तोंड बघून ते थांबत होतं. "तू इचारलंस कधी?" तो म्हणाला. "आणि नटाचं कुनी काय म्हनलंतं? आप्पा, आत्या, सगळी म्हनत होती पाना का उचलला. नट घट्ट होता म्हनून काय उपेग?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही. मी त्याला विचारलं, की पाना तू मागितलास हे का नाही सांगितलंस. तो कडब्याच्या पेंढीवर बसला, उजवा पाय समोर लांब केला. "पहिल्यांदा भ्यालो," तो म्हणाला. "मग वाटलं, आता काय. मग तू पुण्याला गेलास." एवढंच. यापेक्षा मोठं कारण असेल असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

खंडेनवमीला आप्पांनी पाने मांडले. आता त्यांना वाकता येत नाही. ते खुर्चीत बसून सांगतात आणि माझी मुलगी सई मांडते. तिनं आठ-नऊनंतर लगेच बारा-तेरा ठेवला, तर आप्पांनी काठीनं तो सरकवला. "दोन बोटं सोड."

"का, आजोबा?"

आईनं स्वयंपाकघरातून आवाज दिला, "आगं, सोड म्हनत्यात तर सोड की." तेवढ्यात दादा उंबऱ्यावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आप्पा, त्यो पाना मी मागितला होता. रम्यानं आपल्या मनानं न्हाय उचलला."

आप्पांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. "ठावं हाय मला," ते म्हणाले. "तू सांगितल्याबिगर ते हात लावनारं पोर न्हवतं."

मी आप्पांना आयुष्यात कधी उलट बोललो नव्हतो. त्या दिवशीही आवाज चढवला नाही, पण उभा राहून बोललो. "ठाऊक होतं, तर मग मला का धरलंत?"

आप्पांना प्रश्नाचं नवल वाटलं. "त्येचा पाय मोडला होता," ते म्हणाले. "त्येला आनि काय धरायचं?"

सगळा हिशेब तेवढाच होता. एकाचा पाय मोडला, म्हणून ओझं दुसऱ्याच्या धड पाठीवर. ते अन्यायानं बोलले नव्हते, प्रेमानं बोलले होते, थोरल्यावरच्या प्रेमानं. आणि धाकट्याला काय, तो धडधाकट आहे, वाहील. मी वाहिलं. टँकर ओतणारा मात्र पुढं निवडून आला, त्याचे सत्कार झाले, तो सुखानं म्हातारा झाला. मी आप्पांना विचारलं, त्याला का नाही धरलं? आप्पा म्हणाले, "त्येला कसं धरनार?" मी म्हणालो, "विचारायचं तरी." आप्पांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. आई दारात आली, हाताला पीठ. "आता ठेवून टाक पाना त्या जागी, बाबा," ती मला म्हणाली. "झालं गेलं. मी घासून देते, थांब."

पण मला तो घासून, धुऊन, माफी मिळाल्यासारखा तिथं ठेवायचा नव्हता. मी मोरीच्या खिडकीतून पाना घेतला आणि अंगणात गेलो. दादाच्या स्कूटरचा पुढचा ब्रेक मंद्रूपच्या वाटेवरच मला ढिला वाटला होता. लिव्हर पार मुठीला टेकत होती. मी खाली बसलो. नट सोडवला, दांडा एक दाता मागं घेतला, नट आवळला. हात विसरले नव्हते. शेजारचे मागही आता कधीच बंद झालेत, त्यामुळं पाना फिरल्याचा आवाज ओसरीपर्यंत गेला असणार. दादा येऊन माझ्याजवळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आज नवमी हाय, रम्या."

"माहीत आहे," मी म्हणालो. "सई, तुझी नेलपॉलिश आण."

लाल नव्हती, निळी होती. नटावरून दांड्यावर मी रेघ ओढली, फुंकर घालून वाळवली. मग तसाच, हाताचं आणि पान्याचं ग्रीस न पुसता, आत गेलो आणि पाना पाटावरच्या दोन बोटं मोकळ्या जागेत ठेवला. कापडाला काळा डाग पडला. आप्पांनी सईला त्याच्यावर फूल ठेवायला सांगितलं की नाही, ते बघायला मी थांबलो नाही.